डेडलिफ्टनं कंबर धरली, पण खरा छळ वेटिंग हॉलमध्ये झाला (माझा अनुभव)

लातूरमध्ये जिम करणाऱ्या पोरांसाठी मुद्दाम लिहायलोय, कारण आपल्याकडं कंबरेत उसण भरली की जो तो वेगळंच सांगतो आणि माणूस पार भांबावून जातो. मला डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा बार उचलून उभं राहायचा व्यायाम) मारताना झालं. बार जमिनीवरून सुटला, गुडघ्यापर्यंत आला आणि डाव्या बाजूला करंट बसल्यासारखं झालं, हातातलं वजन तिथंच टाकलं आणि मी खाली. रात्री कूस बदलता येईना, खोकला आला तरी डोळ्यात पाणी यायचं, आणि दुसऱ्या दिवशी कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरली.

घरी जे होतं तेच झालं. आईनं मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं, काकूंनी गल्लीतल्या पायाळू पोराला बोलावून कंबरेला लाथ लावून घेतली, आणि मामांचा फोन आला की रेणापूरकडं एक जण आहे, झटका देऊन मणका बसवतो. शेकानं खरंच आराम पडायचा. झटक्याला मात्र मी साफ नाही म्हणालो आणि तुम्हालाबी सांगतो, पायात कळ उतरलेली असताना कुणाच्याही हातात कंबर देऊ नका, तो कितीही नावाजलेला असू द्या.

मग मोठ्या डॉक्टरला दाखवायचं ठरलं आणि तिथून खरी रखडपट्टी सुरू झाली. फोनवर नंबर देत नाहीत. सकाळी स्वतः जाऊन वहीत नाव लिहायचं, आणि डॉक्टर ऑपरेशनं उरकून दुपारी कधीतरी ओपीडीला येणार. उदगीर, निलंगा, अहमदपूर, पार बीदरकडून माणसं आलेली, सगळी कंबर नाहीतर गुडघ्याची. आणि बसायला काय, तर भोकाभोकाच्या स्टीलच्या जोडखुर्च्या, बसायची जागा मागं उतरती. म्हणजे कुल्ला खाली जातो, गुडघे वर येतात आणि कंबर आपोआप गोल होते. दोन मणक्यांमधल्या गादीचं दुखणं असलेल्या माणसाला याच्यापेक्षा वाईट बसणं नाही! मणक्याचा दवाखाना आहे ना हा, मग एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात कशी येत नाही? मी पाच-दहा मिनिटं बसायचो, उठायचो, भिंतीला टेकायचो, परत बसायचो. जिन्याखाली एक मावशी पदर अंथरून आडव्या झाल्या होत्या, कंपाउंडरनं त्यांना पण उठवलं, "इथं झोपू नका, डॉक्टर रागावतात."

बरं नंबर तरी सरळ चालावा. मधूनच औषध कंपनीचे एमआर बॅग घेऊन आत, मधूनच "फक्त रिपोर्ट दाखवायचाय" म्हणून कुणीतरी आत, मधूनच कंपाउंडरच्या ओळखीचा. विचारायला गेलं की "बसा की हो, घेतो ना." अरे बसता येत नाही म्हणून तर आलोय!

माझ्या मागच्या नंबरला चाकूरकडचे एक आजोबा होते, सोबत मुलगा. आजोबा चालायचे तर उजव्या पायातली चप्पल सारखी निसटायची, पाऊल फरशीवर घासत जायचं, अंगठा वरच होईना. मुलगा म्हणाला, परवापासून पाय ऐकंना गेलाय. मी कंपाउंडरला जाऊन सांगितलं की यांना आधी सोडा, पायातली ताकद चाललीय. तो म्हणाला, "इथं सगळेच अर्जंट असतात." शेवटी मी माझा नंबर त्यांना दिला. मुलगा नकोच म्हणत होता, "राहू द्या दादा, तुमचंबी दुखायलंय." आजोबांना आत घेतलं आणि त्याच दिवशी अ‍ॅडमिट केलं. हे आठवलं की अजून माझं डोकं तापतं. कंपाउंडरला चार प्रश्न शिकवून ठेवायला काय लागतं? पाऊल लुळं पडलंय का, लघवी तुंबलीय किंवा कळत नाही का, जांघेत-बसायच्या जागेवर बधिरपणा आहे का, ताप किंवा मोठा अपघात आहे का. यातलं एक जरी हो आलं तर पेशंट पहिला आत. हे तुम्हीबी पाठ करून ठेवा, कारण लघवीचा त्रास किंवा तो बधिरपणा असेल तर नंबर लावत बसायचंच नाही, थेट इमर्जन्सी गाठायची, मग मध्यरात्र असू द्या, तिथं काही तासांनी फरक पडतो.

माझा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी आडवं झोपवून पाय उचलून बघितला नाही, टाचांवर चवड्यांवर चालवलं नाही, सरळ एमआरआय लिहिला. एमआरआय झाला, रिपोर्ट आला, तर रिपोर्ट दाखवायला परत वही, परत नंबर, परत त्याच खुर्च्या. आणि इतकं करून आत काय, तर फिल्म उजेडाकडं धरली, "गादी सरकलीय, एल फाइव्ह एस वन. पूर्ण बेडरेस्ट, बेल्ट, ट्रॅक्शन. वजन आता आयुष्यात उचलायचं नाही." (एल फाइव्ह एस वन म्हणजे कंबरेतली सगळ्यात खालची गादी, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून कंबर ताणणं.) मी विचारलं, सर पाण्याची बादली पण नाही का? तोवर बेल वाजलेली आणि पुढचा पेशंट दारात. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं असं हे गाव, इथं पाण्याच्या दिवशी बादल्या उचलल्याशिवाय घर चालत नाही. "आयुष्यात वजन नाही" म्हणजे नेमकं काय, हे सांगायला दोन मिनिटं तर द्या.

रिपोर्ट हातात घेऊन मी लई घाबरलो होतो. डिफ्यूज बल्ज (गादीला आलेला फुगवटा), थिकल सॅकवर (मणक्यातल्या नसांच्या पिशवीवर) दाब, असले शब्द. नंतर घरी पडल्या पडल्या वाचलं तेव्हा कळलं की २०१५ साली एक मोठा आढावा आला होता, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या स्कॅनचा. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांच्या गादीला बल्ज होता आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के. म्हणजे नुसत्या रिपोर्टवर माणसाचं भविष्य ठरत नाही, पायातली ताकद, संवेदना, कळ कुठवर जाते हे हात लावूनच बघावं लागतं. बेडरेस्टचं तर १९८६ लाच अमेरिकेत तपासून झालंय, दोन दिवस आराम करणारे आणि सात दिवस करणारे यांच्या दुखण्यात फरक निघाला नाही, उलट दोन दिवसवाले लवकर कामावर गेले. आणि ट्रॅक्शन, कंबरेचा बेल्ट हे जुन्या कंबरदुखीला देऊ नका असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये लिहून दिलंय. आपल्याकडं अजून पहिली चिठ्ठी त्याचीच.

मला बाहेर काढलं एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी. त्यांनी आधी झोपवून पाय सरळ उचलला, टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारली आणि मगच बोलल्या, "ताकद चांगली आहे, बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यात बरीच उतरते, तुम्ही चालायला लागा." एवढ्या एका वाक्यानं मला झोप लागली.

बाकीचं तसं सरळ गेलं. सुरुवातीला पोटावर झोपून कोपरावर उठायचं, त्यानं पायातली कळ वर सरकून कंबरेत यायची आणि हे चांगलं लक्षण असतं. पहाटे ऊन चढायच्या आत चालणं. मग बर्ड डॉग (गुडघ्या-हातावर ओणवं होऊन एक हात आणि उलट बाजूचा पाय लांब करायचा), साइड प्लँक (कुशीवर कोपराच्या आधारानं अंग उचलून धरायचं) आणि कर्ल-अप (उताणं झोपून डोकं-खांदे जरासे उचलायचे), कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे हे तीन व्यायाम, प्रत्येक वेळी दहा सेकंदाच्या आतच धरायचं, जोर लावून मिनिटभर नाही. दुखलं तरी चालेल, पण कळ खाली पायाकडं पळायला लागली की थांबायचं.

हां, सकाळचं सांगायचं राहिलं. रात्रभर झोपल्यावर गादी पाणी पिऊन फुगते, त्यामुळं उठल्यावर पहिला तासभर वाकायचं टाळा. चहा उभ्यानं घ्या, बादली दुसऱ्याला उचलू द्या. देशी संडास असेल तर मेडिकलवाल्याकडून कमोड खुर्ची भाड्यानं आणा, मी आणली होती, कुणी हसलं नाही. एसटीनं जावंच लागलं तर मागच्या चाकावरचं सीट नको, पुढं बसा आणि टॉवेलची गुंडाळी कंबरेमागं ठेवा, आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. दवाखान्यात जाताना पण ती गुंडाळी न्या. कंपाउंडरचा मोबाइल नंबर घ्या, "माझ्या आधी पाच राहिले की फोन करा" म्हणा आणि बाहेर चालत राहा. आणि डॉक्टरांना विचारायचं कागदावर लिहून न्या, आत गेल्यावर आठवत नाही.

आता मी परत डेडलिफ्ट मारतो, हे अभिमानानं सांगतो. मॅडमनी आधी काठी पाठीला लावून नुसतं कुल्ल्यातून वाकायला शिकवलं, मग पाण्याचा कॅन, मग रिकामा बार. एक गोष्ट जिमवाल्या सरांनी लक्षात आणून दिली ती सगळ्यांनी बघा. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आपल्या जिममधल्या लोखंडी दहा किलोच्या प्लेटा लई लहान असतात, बार पार खाली जातो आणि उंच माणसाला कंबर गोल केल्याशिवाय तो धरताच येत नाही. आमच्या सरांनी त्यासाठी जाड लाकडी ठोकळे करून घेतलेत, दोन्ही बाजूला प्लेटांखाली ठेवायचे. तुमच्याकडं नसतील तर खाली चार प्लेटा आडव्या टाकून त्यावर बार ठेवा, आणि तो नडगीच्या मध्यावर आला का ते बघून मगच हात घाला.