पेपर मागितला की पेपर?

"सर, पोरग्याचं ग्रामर पक्कं हाय, खरं बोलायला लागला की लोक हसत्यात. स्पेलिंगं पाठ करून घेऊ का?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात पालक हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: स्पेलिंग राहू द्या, आधी कान तयार करा.

माझा एक विद्यार्थी हॉटेलात कामाला आहे. परदेशी पाहुण्यानं पेपर मागितला, यानं वर्तमानपत्र नेऊन दिलं. पाहुण्याला हवी होती मिरपूड. सगळे हसले. पुढचे आठ दिवस हा वर्गात तोंड उघडेना, आणि ते मला फार लागलं. त्याचा काय दोष? मराठीत ए एकच. मिरपूडही पेपर, वर्तमानपत्रही पेपर. परीक्षा ती टेस्ट, मिसळीची चव तीही टेस्ट. बॅट आणि बॉलसाठी आपण ॲ, ऑ करून घेतले, इंग्रजीतल्या या दोन ए-साठी मात्र काहीच केलं नाही.

मी त्याला 'पेय' म्हणायला लावलं. ए म्हणता म्हणता जीभ वर सरकते ना? वर्तमानपत्रात तोच सरकता ए आहे, पेय्‌पर. मिरपुडीतला ए आखूड, पत्त्यातला 'एक्का' म्हणताना झटकन तुटतो तसा.

शिरोळ, गडहिंग्लजकडची, घरी कन्नड बोलणारी मुलं हे चटकन पकडतात. कन्नडात ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए अशी दोन अक्षरंच आहेत. झाडाचं पान म्हणजे एले, तो ऱ्हस्व; सात म्हणजे एळु, तो दीर्घ. आखूड ए आता मी त्यांच्याकडूनच वर्गाला म्हणवून घेतो. घरी कन्नड बोलतो हे इतके दिवस लपवणारी एक मुलगी पहिल्यांदा फळ्यापाशी आली ती यासाठी.

जहाज आणि मेंढीचा घोळ यापेक्षा सोपा. मेंढीच्या 'शीप'ला ओठ फाकवा, जहाजाच्या 'शिप'ला सैल सोडा; नुसतं लांबवून भागत नाही.

घरी एवढंच करा. मोबाईलच्या डिक्शनरीत उच्चाराचं बटण असतं. जोडीतला एक शब्द वाजवा, पडदा झाका आणि अर्थ विचारा. दहापैकी आठ बरोबर आले की मगच बोलायला लावा.

तो हॉटेलातला मुलगा आता पाहुण्यालाच विचारून घेतो, "ब्लॅक पेपर, ऑर न्यूजपेपर?"