शेजारच्या गावाचा बंब आला, पण पाइपच बसेना

आजचा सराव संपला, पण डोक्यात घोळतंय ते कॅलिफोर्नियाचं ओकलंड. २० ऑक्टोबर १९९१. डोंगरावरच्या आगीत २५ माणसं गेली. राज्यभरातून मदत आली, कारण अग्निशमन दलांनी परस्परांना मदत करण्याचा करार तिथे १९५० पासूनच आहे. पण ओकलंडच्या हायड्रंटचं (आगीसाठी रस्त्यावर बसवलेल्या पाण्याच्या नळाचं) तोंड ३ इंची, बाहेरून आलेल्यांचं कपलिंग (पाइप जोडायचा सांधा) अडीच इंची. दोन मापं जुळवणारे अडॅप्टर पुरेसे नव्हते. त्यात वीज गेली, पाणी वर चढवणारे पंप थांबले, वरच्या टाक्या रिकाम्या झाल्या. वायरलेसवर तर इतकी गर्दी की निरोपच पोचेना.

तिथली पद्धत मात्र शिकण्यासारखी. मागणी आधी जिल्ह्याकडे, मग विभागाकडे (असे सहा), शेवटी राज्याकडे जाते. सुटे बंब मागवायचे नाहीत. एकाच प्रकारचे ५ बंब आणि वेगळ्या गाडीत त्यांचा प्रमुख, असं पथक मागवायचं. त्यामुळे घटनास्थळावरच्या अधिकाऱ्याला पाचांऐवजी एकाच माणसाशी बोलावं लागतं. आणि मदत देणाऱ्याने आपलं गाव उघडं टाकायचं नाही, हेही करारातच आहे.

आपल्याकडे ६३ मिमीचं इन्स्टंटेनियस (दाबताच बसणारं) कपलिंग सर्रास असतं, तरी बाहेरगावी निघताना अडॅप्टर गाडीत आहेत ना, हे हात लावून बघा. रबरी वॉशरसुद्धा.