ड्रमची शेगडी, तिसरा अवतार

तर मंडळी, शेगडी नंबर तीन एकदाची तयार झाली. तयार म्हणजे काय तर रविवारी तिच्यावर चौदा वांगी भाजली, एकही राखेत पडलं नाही आणि नानांनी न सांगता दुसऱ्यांदा भरीत वाढून घेतलं. माझ्यासाठी टेस्टिंग एवढंच. बाकी पनीर, कणीस, चिकन कशावरही होतं हो, भरताचं वांगं हीच खरी परीक्षा.

पुण्यामुंबईकडच्यांसाठी सांगतो, आमचं जळगावचं भरताचं वांगं म्हणजे ते जांभळं गोल वांगं नाही. हिरवट, पांढऱ्या रेघांचं, हे एवढं थोरलं, त्याला २०१६ मध्ये जीआय टॅगपण (भौगोलिक मानांकन) मिळाला. ते भाजायची आमच्याकडची पद्धत म्हणजे शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग करायचा, त्यात वांगी टाकायची आणि पेटवून द्यायचं. जाळ चारी बाजूंनी लागतो, साल कोळसा होते, आत गर मऊ आणि धुराचा वास असा काही बसतो की विचारू नका. आता शहरात गच्चीवर काड्यांचा जाळ केला तर शेजारचे फायर ब्रिगेड बोलावतील, म्हणून हा सगळा कोळशाचा उद्योग.

पहिल्या शेगडीची चूक मला खूप उशिरा कळली. मी समजत होतो कोळसा कमी पडतो, म्हणून दर वेळी अजून ओतायचो. खरी गोष्ट अशी की काड्यांचा जाळ वांग्याला गुंडाळतो आणि कोळसा फक्त खालून शेकतो. अर्धा किलोचं वांगं उघड्या शेगडीवर कितीही फिरवा, खालची बाजू जळून खाक आणि देठाकडे कच्चं. नाना तेव्हा घास तोंडात धरून एवढंच म्हणाले, "शेगडी बरी शे, पन वांगं कच्चं शे." (आमचं मूळ गाव अमळनेर तालुक्यात, घरात अहिराणी चालते, विशेषतः टोमणे मारताना.)

म्हणजे झाकण पाहिजे. १९५२ मध्ये शिकागोकडे जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता, तिथे पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनायचे, त्याने एक बोया मधून कापला, खालच्या अर्ध्यात कोळसा, वरचा अर्धा झाकण, आणि ती जगप्रसिद्ध गोल केटल ग्रिल झाली. ते वाचून मी म्हटलं बोया नाही तर नाही, आपल्याकडे ड्रम आहे. २०० लिटरचा ड्रम आडवा ठेवून उभा चिरला की साधारण ८८ सेंटीमीटर लांब आणि ५७ रुंद अशा दोन नावा मिळतात, एक खाली एक वर, मागे दोन बिजागऱ्या. झालं.

ड्रमबद्दल मात्र नीट ऐका. शेतावर औषधाचे रिकामे ड्रम पडलेले असतात, फुकटात मिळतात, त्यांना हात लावू नका, कितीही धुतले तरी त्यात जेवण करायचं नाही म्हणजे नाही. मी खाद्यतेलाचा घेतला. पेट्रोल डिझेल थिनर असलं काही भरलेला ड्रम ग्राइंडरने कापायला घेतला तर आतल्या वाफेवर ठिणगी पडून स्फोट होतो. माझा तेलाचाच होता तरी सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा खंगाळला आणि झाकण उघडं ठेवूनच कापला. मग आत लाकडं टाकून तासभर मोठा जाळ केला, आतला रंगबिंग सगळा उडवला आणि गार झाल्यावर तारेच्या ब्रशने घासून शेंगदाणा तेलाचा पातळ हात देऊन परत तापवला. लोखंडी तव्याला करतो तसंच. दोनतीन वेळा केलं की काळी पकड बसते आणि गंज लांब राहतो.

दुसरा धडा जाळीचा. पहिल्या शेगडीला मी घरात उरलेली जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची जाळी टाकली होती, चकचकीत दिसते म्हणून खुश होतो. वेल्डिंगवाल्या दादाने बघितल्या बघितल्या विचारलं, हिच्यावर खाता का तुम्ही? म्हणाला आम्ही गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला वेल्डिंग मारलं की रात्री थंडी वाजून ताप भरतो. कारण साधं आहे, जस्त ४२० डिग्रीच्या आसपास वितळतं आणि फुललेला कोळसा सहज ७०० च्या वर जातो. जाळी त्याच दिवशी भंगारात. आता वरची जाळी स्टेनलेसच्या दोन सुती (पाव इंच जाड) बारची आहे, महाग पडली पण मोठ्या दुकानातल्या तयार जाळीसारखी मधे वाकत नाही.

आता राख. या छंदात सगळे मसाल्यावर बोलतात, राखेवर कोणी बोलत नाही, आणि माझा निम्मा वेळ राखेने खाल्लाय. पहिल्या शेगडीत तळाला अर्ध्या इंचाची बारा भोकं पाडली होती हवेसाठी. वीस मिनिटं झकास चालायची, मग राख खाली बसून भोकं बुजायची आणि कोळसा मधेच रुसायचा. मी पुठ्ठ्याने वारा घालतोय, राख उडून वांग्यावर बसतेय, बायको म्हणतेय गॅसवर भाजू का. दुसऱ्या शेगडीत तळापासून तीन इंच वर कोळशासाठी वेगळी जाळी टाकली, तीन सुती बार, मधे बोट जाईल एवढी फट. राख खाली गळते, कोळसा वर राहतो, हवा मधून फिरते.

तिसऱ्यात त्याच तीन इंचांच्या जागेत १८ गेजच्या पत्र्याचा खण बसवला, टेबलाच्या ड्रॉवरसारखा, ड्रमच्या एका तोंडाने बाहेर ओढता येतो. आणि इथे नशिबाने एक भारी गोष्ट हाती लागली. खण बसवताना पुढची फट जरा मोठी राहिली होती, मला वाटलं काम बिघडलं, पण हवा तिथूनच जायला लागली. आता खण एक इंच बाहेर ओढला की कोळसा फुलतो, आत ढकलला की मंदावतो. वेगळे दांडे, सरकते पत्रे काही नाही. गॅसच्या बटणासारखं. राखेचा खण हाच हवेचा नळ.

धुराड्याचं मात्र सरळ झालं नाही. झाकणाला तीन इंची पाइप लावायचा होता, मी तो खण उघडतो त्याच बाजूला लावला कारण तिथे वेल्डिंगला हात पोचत होता. मग हवा आत आली की लगेच वर निघून जायची. एका टोकाला कणीस जळतंय आणि दुसऱ्या टोकाला पनीर थंडगार. पाइप काढून दुसऱ्या टोकाला बसवला तेव्हा गरम हवा सगळ्या वांग्यांवरून फिरून बाहेर जायला लागली. जुनं भोक झाकायला पत्र्याचं ठिगळ मारलंय, फोटोत दिसेल, हसू नका.

आणि हो, रहाट प्रकरण. यावर मी दोन महिने घालवले म्हणून सांगतो, तुम्ही घालवू नका. अर्जेंटिनाकडे ग्रिलला चाक असतं, फिरवलं की जाळी खालीवर होते, आच कमीजास्त करायला. मला ते पाहिल्याबरोबर विहिरीवरचा रहाट आठवला. वर आडवा दांडा, दोन बाजूंना साखळ्या, हँडल, सगळं जमवलं. अडचण अशी की दोन साखळ्या दांड्यावर सारख्या गुंडाळत नाहीत, एकीकडे वेढ्यावर वेढा चढतो, मग जाळी तिरकी होते. पहिल्याच वेळी सगळी कणसं एका कोपऱ्यात जमा. मग चार कोपऱ्यांना धरून वायर लावली तेव्हा सरळ झाली, पण खटका लावायचा राहिला होता, म्हणजे हँडल सोडलं की उलटं फिरू नये म्हणून दात असतो तो. पाहुणे बसलेले, मी मिरच्या आणायला वळलो आणि हँडल सुटलं. सहा वांगी धाडकन निखाऱ्यात. गंमत म्हणजे नाना खुश, म्हणे आत्ता खरी भाजतील. आणि वर रहाट असला की झाकण लागत नाही, म्हणजे जिच्यासाठी सगळं केलं तीच गोष्ट गेली. शेवटी रहाट काढून आतल्या बाजूला दोन अँगल लावले, त्यात तीन खाचा, कोळशापासून चार इंच, सहा इंच, आठ इंच. चिमट्याने जाळी उचलायची, खालच्या वरच्या खाचेत ठेवायची. पंधरा मिनिटांचं काम, दोन महिने वाया. रहाटाचा दांडा आता कपडे वाळत घालायला आहे.

पेटवण्याचं सांगतो कारण रॉकेल ओतणारे अजून भेटतात मला. १५ किलोच्या तेलाच्या डब्याचे दोन्ही पत्रे कापले, खालून तीन इंचावर आडवे बार घातले, खाली चारी बाजूंनी भोकं. खाली दोन पेपरचे चोळामोळा, वर बाभळीचा कोळसा, पेटवा आणि हात झटकून कांद्याची पात चिरायला बसा. डब्यात हवा खालून वर ओढली जाते, वीस मिनिटांत वरच्या कोळशावर करडी राख दिसते, मग ओता. पहिल्यांदा डबा रिकामाच तापवून घ्या, बाहेरचा रंग जळताना घाण वास मारतो. ओतताना ढीग एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला नुसते चारदोन निखारे ठेवा, म्हणजे जळायला लागलेली वस्तू पळवायला जागा राहते.

एक घाबरवणारी गोष्टपण सांगून टाकतो. मागे अवकाळी पाऊस आला तेव्हा शेगडी ढकलत पत्र्याच्या शेडमध्ये घेतली आणि वाऱ्याने पाणी येतं म्हणून दार लोटलं. धूर काहीच नव्हता, कोळसा छान फुललेला, आणि दहा मिनिटांत माझं आणि भाच्याचं डोकं जड. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही वास नाही. तेव्हापासून पाऊस आला तर वांगी आत, शेगडी पावसात.

किरकोळ बदल: मागच्या पायांना पाणी उपसायच्या पंपाच्या गाडीची जुनी चाकं, पुढचे पाय साधे. उंची ३४ इंच ठेवली, आधीची २६ होती आणि प्रत्येक पार्टीनंतर कंबर बोलायची. झाकणाच्या लाकडी मुठीखाली दोन नट अंतर म्हणून टाकलेत, आता हात भाजत नाही. झाकणावर डायल थर्मामीटर लावलाय पण तो वरच्या हवेचा आकडा दाखवतो, जाळीचा नाही, त्यामुळे मी अजून तळहातच वापरतो. जाळीवर वीतभर उंचीवर हात धरायचा, दोन आकडे मोजेपर्यंत ओढावासा वाटला तर कडक, पाच मोजता आले तर मध्यम.

आता रविवारचं. वांग्यांना तेलाचा हात, सुरीने दोनचार टोचे, नाहीतर फुटतं. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत. आणि यावेळी नवीन काय केलं तर गावाहून कपाशीच्या काड्यांची एक पेंढी आणली होती, वीतवीतभर तोडून ठेवलेली. वांगी ठेवली की मूठभर काड्या निखाऱ्यांवर, झाकण उघडं, भसकन जाळ, वांगी उलटवली, अजून एक मूठ. पाचसहा मिनिटांत साल काळी. मग जाळी मधल्या खाचेत, झाकण बंद, खण अर्धा इंच उघडा, धुराडं पूर्ण उघडं. पंचवीस मिनिटं मी हातपण लावला नाही. झाकण उघडलं तेव्हा वांगी खाली बसलेली, देठाजवळ काडी टोचली ती लोण्यात गेल्यासारखी गेली. उरलेल्या आचेवर हिरव्या मिरच्या आणि लसूण. लाकडी भांड्यात ठेचलं, वरून शेंगदाणे, पात, कोथिंबीर, बरोबर कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी.

नानांनी पहिला घास घेतला, थोडं थांबले आणि म्हणाले, "आते जमनं." बस, तीन वर्षांत पहिल्यांदा.

जेवण झाल्यावर खण पूर्ण आत, धुराड्यावर जुनी वाटी उपडी. हवा बंद की निखारे गुदमरून विझतात. सकाळी अर्धं घमेलं चांगला कोळसा शिल्लक निघाला, तो झटकून परत पोत्यात. राख नानांनी मेथीच्या वाफ्यात नेली, जाताजाता पायाने शेगडीचं चाक ढकलून बघितलं आणि विचारलं, ही गाडीवर मागे बांधून शेतावर नेता येईल अशी होते का. म्हटलं ८८ सेंटीमीटरचा ड्रम आहे नाना, मोटरसायकलवर कसा बसेल. तर म्हणे मग लहान कर. तेलाचा दुसरा डबा धुवून ठेवलाय, पाय घडीचे करायचेत आणि बिजागरी कोणती वापरावी ते अजून ठरत नाहीये, कोणी केलं असेल तर सांगा भो.