चॅनेल सोळा: रेडिओ परवान्याच्या अभ्यासाच्या नोंदी

गेल्या हंगामात आमच्या होडीचं इंजिन बंद पडलं, वारा पडलेला, आणि आम्ही हळूहळू मोठ्या जहाजांच्या वाटेकडे वाहत चाललो होतो. तांडेल खाली इंजिनात हात घालून बसलेले. त्यांनी वर ओरडून सांगितलं, "रेडिओवर कळव." मी माइक हातात घेतला आणि तसाच धरून राहिले. संकटात परवाना नसलेल्या माणसानेही रेडिओ वापरायला कसलीच बंदी नाही, हे मला ठाऊक होतं. काय बोलायचं, कुठल्या क्रमाने, हे ठाऊक नव्हतं. पाच मिनिटांत इंजिन सुरू झालं आणि प्रसंग टळला, पण त्याच संध्याकाळी मी व्हीएचएफ (होड्या-जहाजांवरचा बोलण्याचा रेडिओ) ऑपरेटरच्या कोर्सला नाव घातलं. याच वाटेवर असणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून या नोंदी.

पहिला आठवडा

वाचनाचा आठवडा. सागरी व्हीएचएफ साधारण १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हे संकटाचं आणि हाक मारण्याचं. चॅनेल ७० वर तोंडाने बोलायचंच नाही, ते डीएससीच्या, म्हणजे बटण दाबून जाणाऱ्या, डिजिटल संदेशांसाठी राखीव. चॅनेल १३ जहाजाच्या ब्रिजवरून ब्रिजवर, नौकानयनाच्या सुरक्षेसाठी. एवढं पाठ व्हायला एक दिवस पुरला.

वेळ गेला तो पल्ल्याचं गणित समजून घेण्यात. माझी समजूत होती की २५ वॅटचा सेट म्हणजे लांबवर आवाज. प्रत्यक्षात या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे पल्ला ठरतो अँटेनाच्या उंचीवर. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला साधारण २.२ ने गुणा. तेवढे सागरी मैल त्या अँटेनाचं रेडिओ-क्षितिज. दोन्ही टोकांचे आकडे मिळवले की पल्ला. दोन मीटरवर धरलेल्या हातसेटला तीन मैल मिळतात, डोलकाठीच्या टोकावर १२ मीटरवर बसवलेल्या अँटेनाला साडेसात. किनाऱ्यावरच्या केंद्राची अँटेना १०० मीटरवर असेल तर तिचे एकटीचेच २२. म्हणून तुमचा आवाज किनाऱ्याला पोचतो आणि शेजारच्या खाडीतल्या होडीला पोचत नाही. हे कळल्यावर मी पहिलं काम केलं ते डोलकाठीतून उतरणाऱ्या केबलचे जोड तपासण्याचं. एक जोड हिरवा पडला होता.

आणि बंदरात एक वॅट पुरतो. तिथे २५ वर बोलणं म्हणजे दुसऱ्यांच्या बोलण्यावर पाय देणं.

दुसरा आठवडा

आल्फा, ब्राव्हो, चार्ली: रेडिओवर ए, बी, सी अशी सांगायची. जाता-येता दिसेल त्या गाडीचा नंबर मोठ्याने म्हणत राहिले. चार दिवसांत जीभ वळली. आकड्यांकडे मात्र जास्त लक्ष द्या. इंग्रजी फाइव्ह आणि नाइन खरखरीत अगदी सारखे ऐकू येतात, म्हणून "फाइफ" आणि "नाइनर". थ्रीचं "ट्री". सुरुवातीला कृत्रिम वाटतं, पण वर्गात मुद्दाम वाऱ्याचा आवाज लावून आकडे ऐकवले तेव्हा साध्या उच्चारातले निम्मे आकडे मी चुकीचे लिहिले होते.

"ओव्हर अँड आउट" विसरून जा. ओव्हर म्हणजे उत्तराची वाट बघतेय, आउट म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

तिसरा आठवडा

हा आठवडा मेडेचा, म्हणजे जिवावरच्या संकटात रेडिओवर मारायच्या हाकेचा. सबंध कोर्समधून एकच गोष्ट घ्यायची झाली तर मी हीच घेईन.

वर्गातले सेट एकमेकांना तारेने जोडलेले असतात, हवेत काही जात नाही. शिक्षिकांनी प्रसंग दिला: होडी अर्धवट बुडालेल्या फळीवर आदळली आहे, पाणी येतंय, चार माणसं आहेत. मी बोलायला लागले. काय झालं, कसं झालं, किती पाणी आलंय, पंप कसा चालत नाहीये. विसाव्या सेकंदाला त्यांनी माझा सेट बंद केला. म्हणाल्या, "बॅटरीत पाणी गेलं." मग वळून बाकीच्यांना विचारलं, "हिला मदत करायला कुठे जाल?" कुणालाच सांगता येईना. मी पोझिशन सांगितलीच नव्हती.

त्या क्रमामागचं कारण तेव्हा मला उमगलं. मेडे तीनदा, "धिस इज", होडीचं नाव तीनदा, कॉलसाइन (होडीची रेडिओवरची खूण) आणि एमएमएसआय (होडीचा नऊ आकडी रेडिओ-क्रमांक). मग पुन्हा मेडे आणि नाव एकदा, आणि लगेच पोझिशन. त्यानंतर संकट कसलं, कोणती मदत हवी, माणसं किती, आणखी काही सांगण्यासारखं असेल तर ते, ओव्हर. वाक्य कुठेही तुटलं तरी तोवर जे पोचलं ते उरलेल्यापेक्षा जास्त मोलाचं असावं, अशी ती रचना आहे. कोण आणि कुठे एवढं पोचलं तरी बचाव नौका निघू शकते.

पुढच्या वेळी पोझिशन दिली, तीही चुकीची. अक्षांश-रेखांशाऐवजी खुणेपासून दिशा आणि अंतर सांगता येतं, पण दिशा खुणेपासून आपल्याकडे सांगायची असते. मला दीपस्तंभ ईशान्येला दिसत होता, मी "दीपस्तंभापासून ०४५ अंश, दोन मैल" म्हणून मोकळी झाले. खरं होतं २२५. शोधणारे दीपस्तंभाच्या पार पलीकडे गेले असते, माझ्यापासून चार मैलांवर. आता मी स्वतःला दीपस्तंभावर उभी करते, तिथून होडीकडे बोट दाखवते आणि मगच आकडा उच्चारते.

पहिला मेडे १ मिनिट ५० सेकंदांचा होता. आठवड्याच्या शेवटी ५० सेकंद.

चौथा आठवडा

डीएससी. लाल झाकणाखालचं बटण काही सेकंद दाबून धरलं की सेट स्वतःच एमएमएसआय, जीपीएसची पोझिशन आणि वेळ चॅनेल ७० वर पाठवतो, आणि पोच मिळेपर्यंत साधारण चार-चार मिनिटांनी पुन्हा पाठवत राहतो. पण सेटला जीपीएस जोडलेला नसेल तर पोझिशन हाताने भरावी लागते, आणि होडी चालत असते, म्हणजे ती शिळी होत जाते. तुमच्या सेटच्या पडद्यावर आकडे दिसतात का ते आजच बघा. बटण दाबल्यावरही १६ वर तोंडी मेडे द्यायचाच.

चुकून दाबलं गेलं तर गुपचूप बंद करून बसायचं नाही. सेट बंद करून पाठवणं थांबवायचं, मग १६ वर सर्व स्टेशनांना उद्देशून आपलं नाव, एमएमएसआय सांगून संकेत रद्द केल्याचं कळवायचं. मी हा भाग मेडेइतकाच घोकला, कारण लाजेने गप्प बसलेल्या एका माणसामागे बचाव नौका रात्रभर फिरू शकते.

दुसऱ्याचा मेडे ऐकला तर आधी गप्प राहायचं आणि लिहून घ्यायचं. किनाऱ्याचं केंद्र उत्तर देईल. कुणीच देत नसेल तर मेडे रिले, म्हणजे तोच मेडे आपण पुढे कळवायचा. जुन्या जहाजांच्या रेडिओ-खोलीतल्या घड्याळावर तासाला आणि अर्ध्या तासाला तीन-तीन मिनिटांचे हिरवे पट्टे रंगवलेले असत. तेवढा वेळ २१८२ किलोहर्ट्झवर, म्हणजे तेव्हाच्या संकटाच्या फ्रिक्वेन्सीवर, सगळ्यांनी थांबून दुबळा आवाज येतोय का ते ऐकायचं. १९९९ पासून जीएमडीएसएस (जगभरची सागरी संकटसंदेशांची यंत्रणा) पूर्णपणे लागू झाली आणि कान लावायचं काम यंत्रांकडे गेलं. तरी त्या घड्याळाचं चित्र मी वहीत चिकटवलं आहे.

परीक्षा

लेखी सोपी गेली. प्रात्यक्षिकात मेडे, एक पॅन-पॅन आणि चुकीचा संकेत रद्द करणं. पॅन-पॅन कधी आणि मेडे कधी यावर खोदून विचारलं: जीव किंवा होडी गंभीर आणि तातडीच्या धोक्यात असेल तर मेडे, त्याखालची निकड असेल तर पॅन-पॅन. गेल्या हंगामातलं आमचं इंजिन पॅन-पॅनचं होतं. पास झाले.

आता

एमएमएसआयचे नऊ आकडे सेटमध्ये घालताना दोघींनी वाचून ताडले, कारण बहुतेक सेटमध्ये ते एक-दोनदाच बदलता येतात. सेटशेजारी मेडेचा मजकूर लिहिलेलं कार्ड लावलं, होडीचं नाव आणि कॉलसाइन आधीच भरून. रविवारी, सेट बंद ठेवून, रेडिओला कधी हात न लावलेल्या भाचीला ते वाचायला दिलं. नावापर्यंत छान आली आणि पोझिशनपाशी थांबली. "मावशी, हे आकडे कुठे बघायचे?" कार्डावर आता तिथे एक बाण काढला आहे, जीपीएसच्या पडद्याकडे जाणारा.