पिस्ता रंगाची भिंत आणि मंगळाचा रंग

आमच्या तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. २७ वर्षं झाली. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, शाळांची गॅदरिंग. मंगळाचा नाद मात्र स्टुडिओपेक्षा जुना. तिथे पाठवलेल्या कॅमेऱ्यांबद्दल मिळेल ते वाचत आलोय, आणि आमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांना हे ठाऊक आहे. डिसेंबरात ते फोटो न्यायला आले आणि म्हणाले, "यंदा विज्ञान दिनाला तुम्हीच बोला. मंगळावरच्या कॅमेऱ्यांवर." मी हो म्हणालो. तोवर माइकसमोर कधी उभा राहिलो नव्हतो.

पहिल्या खेपेला ११२ स्लाइड झाल्या. रॉकेट, पॅराशूट, कक्षा, सगळं होतं. मुलीला ऐकवायला बसलो. पाऊण तासानं ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतं यान यान करताय. कॅमेरा कुठाय?" तिचं बरोबर होतं. त्या रात्रीपासून छाटायला लागलो. व्हॉट्सअॅपवरून आलेले पाच फोटो आधी गेले. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या गाड्यांनी पाठवलेले कच्चे फोटो नासा सगळ्यांसाठी खुले ठेवते, तिथे ताडून पाहिले तेव्हा ते पाचही चित्रकारांनी काढलेले निघाले. शेवटी ३६ स्लाइड उरल्या. मंगळावरच्या सूर्यास्ताची माझी सर्वांत आवडती स्लाइडही काढली, कारण ती कुठेच बसत नव्हती. पेनड्राइव्हवर मात्र राहू दिली.

व्याख्यानाचा जीव कशात आहे हे मला मरीनर ४ नं दाखवलं. जुलै १९६५ मध्ये हे यान मंगळाजवळून गेलं आणि जाता जाता त्यानं २२ फोटो टिपले, शेवटचा अर्धवट. एक फोटो म्हणजे २०० ओळी, एका ओळीत २०० ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड ० ते ६३ मधल्या एका आकड्यात. एका आकड्याला सहा बिट, आणि यान पृथ्वीकडे सेकंदाला जेमतेम आठ बिट धाडणार. वहीत हिशेब मांडला : एका फोटोला आठ तास! कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या इंजिनिअरांना धीर निघेना. फोटो साठवणारा यानातला टेप रेकॉर्डर नीट चाललाय का, ही शंकाही होतीच. त्यांनी आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या शेजारी शेजारी टाचल्या आणि आकड्यांप्रमाणे खडूनं रंगवल्या. मंगळाचं जवळून काढलेलं पहिलं चित्र असं माणसांच्या हातून उमटलं. तो कागद त्यांनी अजून जपून ठेवलाय.

मी डार्करूममध्ये घडलेला माणूस. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कोऱ्या कागदावर चेहरा वर येताना बघणं म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळतं. लोकांना तेच द्यायचं ठरवलं. लोकमान्य टिळकांचा एक फोटो घेतला, कॉम्प्युटरवर त्याचे ३० गुणिले ३० चौकोन केले, पाच छटांना पाच आकडे दिले आणि चार्टपेपरच्या ३० पट्ट्यांवर नुसते आकडे लिहिले. चित्र कोणाचं हे कोणालाच सांगितलं नाही. शाळेतल्या बाईंनी सातवीतली ३० मुलं आणायचं कबूल केलं.

२८ फेब्रुवारीला दोन तास आधी सभागृहात पोचलो. पडदा मिळायचा होता, तो दुसऱ्या कार्यक्रमाला गेलेला. भिंत फिकट पिस्ता रंगाची, ऑइलपेंटची. प्रोजेक्टर लावला आणि पोटात गोळा आला. मंगळाची माती शेवाळल्यासारखी दिसत होती. बायकोला फोन केला. ती कपाटातली नवी पांढरी चादर घेऊन आली. शिपाई स्टुलावर चढून चादर बांधत होता, एक टोक बांधून झालं होतं आणि दुसरं अजून हातात होतं. तेव्हा दिसलं : एकच फोटो, अर्धा भिंतीवर, अर्धा चादरीवर. डावीकडे शेवाळी माती, उजवीकडे तांबूस. मी म्हणालो, "राहू दे. अर्धीच राहू दे."

सुरुवातीला आवाज कापत होता. मग मुलांना पट्ट्या वाटल्या आणि मरीनरची गोष्ट सांगायला घेतली. वीस मिनिटं खाली माना घालून मुलं रंगवत होती आणि खडूंचा कुरकुर आवाज माझ्या बोलण्याखालून येत राहिला. पट्ट्या क्रमानं बोर्डावर टाचल्या. पुढच्या रांगेला नुसते चौकोन दिसत होते. मागच्या बाकावरून एक आजोबा ओरडले, "अहो, ही तर टिळकांची पगडी!" सगळं सभागृह मागे वळून त्यांच्याकडे आणि मग पुन्हा बोर्डाकडे बघू लागलं. पगडीतली एक पट्टी उलटी टाचली गेली होती. ती लोकांनीच शोधली आणि एका मुलीनं पुढे येऊन सरळ केली. तिथून पुढे माझा आवाज कापला नाही.

मग अर्ध्या चादरीकडे वळलो. विचारलं, "यातला खरा मंगळ कोणता?" सगळे म्हणाले, चादरीवरचा. "कशावरून?" जरा शांतता. एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, "चादर पांढरी आहे हे आम्हाला माहीत आहे, म्हणून."

मला नेमकं हेच पोचवायचं होतं. मंगळावर कॅमेरा पाठवताना चादरही पाठवावी लागते. ज्याचा रंग आपल्याला इथे पक्का माहीत आहे अशी रंगपट्टी यानावर बसवतात, तिचा फोटो तिथे काढतात आणि त्यावरून बाकीचे रंग जुळवतात. २० जुलै १९७६ ला नासाचं व्हायकिंग १ हे यान मंगळावर उतरलं. दुसऱ्या दिवशी पहिला रंगीत फोटो आला, घाईत रंग जुळवले आणि आकाश निळसर दिसलं, आपल्यासारखं. नीट तपासल्यावर ते गुलाबीसर निघालं. जेम्स पोलॅक या शास्त्रज्ञानं तसं जाहीर केलं तेव्हा पत्रकारांनी हुर्यो केली होती. पुढे २००४ मध्ये उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांच्या रंगपट्टीवर मधोमध एक छोटा खांब होता. खांबाच्या सावलीत थेट ऊन पडत नाही, तिथे फक्त आकाशाचा उजेड. म्हणजे उन्हाचा रंग वेगळा मोजता येतो, आकाशाचा वेगळा. ही युक्ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी काउंटरवर वही बाजूला ठेवून कितीतरी वेळ तिचाच विचार करत बसलो होतो.

हळदीला पिवळ्या कापडाच्या मांडवात फोटो काढले की घरचे विचारतात, सगळे कावीळ झाल्यासारखे का दिसतात? मंगळाचं आकाश म्हणजे धुळीचा मांडव. त्याखाली दगड, गाडी, सगळ्यावर तोच रंग चढतो. म्हणून भूशास्त्रज्ञ कधीकधी तो रंग काढून, आपल्या उन्हात दगड कसा दिसेल तसा फोटो बघतात. मांडवाचं उदाहरण सांगितलं तेव्हा बायकांच्या बाजूनं मोठ्यानं "हो हो" आलं.

मंगळयानाचा कॅमेरा सांगताना माझा लग्नाचा कॅमेरा हातोहात फिरवला. किराणा दुकानाच्या काट्यावर तो लेन्स-फ्लॅशसकट १ किलो ८०० ग्रॅम भरला होता. अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरनं बनवलेला मंगळयानावरचा कॅमेरा सुमारे १ किलो २७० ग्रॅमचा. यानाची कक्षा इतकी लांबट की दूरच्या टोकाला ते मंगळापासून सुमारे ७७,००० किलोमीटरवर जायचं, आणि म्हणूनच अख्खा गोल एका फ्रेममध्ये यायचा. मंगळाभोवती जवळून फिरणाऱ्या नासाच्या यानावरचा हायराइजसारखा कॅमेरा सुमारे ३०० किलोमीटरवरून टेबलाएवढा दगड दाखवतो, पण त्याला पूर्ण मंगळ एका फोटोत मिळत नाही. दोन्ही लागतात.

प्रश्न भरपूर आले. क्युरिऑसिटीचा मुख्य कॅमेरा दोनच मेगापिक्सेलचा का? आराखडा २००४ च्या सुमाराचा, आणि तिथून पाठवता येणारा डेटा मोजका, म्हणून छोटे फोटो काढून ते जोडतात. १९७६ चा तो 'मंगळावरचा चेहरा', म्हणजे फोटोत माणसाच्या तोंडासारखा दिसलेला डोंगर, आलाच. पुढच्या यानानं काढलेला त्याच डोंगराचा स्वच्छ फोटो दाखवला. लोक उठायला लागले, शिपायानं ट्यूबलाइट लावले.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या आजींनी विचारलं, "अरे, पण तिथे दिवे लागणीला कसं दिसत असेल?"

मी शिपायाला दिवे बंद करायला सांगितलं, चादर पूर्ण ताणून बांधली आणि पेनड्राइव्हवरून ती काढलेली स्लाइड लावली. १५ एप्रिल २०१५, गेल विवर, क्युरिऑसिटीनं टिपलेला सूर्यास्त. तिथली धूळ इतकी बारीक की निळा प्रकाश सूर्याच्या रोखानं जास्त पुढे येतो, म्हणून दिवसभर पिवळट-तांबूस असलेलं आकाश मावळतीला सूर्याभोवती निळं होतं. चादरीवर तो छोटासा पांढरा सूर्य आणि भोवतीचा निळा उजेड आला. दारापर्यंत गेलेली माणसं चपला पायात तशीच थांबली. आजी पुढे आल्या आणि चादरीवरच्या त्या निळ्यापाशी हात नेऊन उभ्या राहिल्या.