एका दमात नऊ

पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट आहे. त्या दिवसाचं आमच्या रजिस्टरचं पान मी अजून अधूनमधून उघडून बघतो. पेशंटचं नाव, वेळ, बीपी, पल्स, दिलेली औषधं असे सगळे रकाने भरलेले आहेत. शेवटचा रकाना आहे ‘ऑर्डर कोणाची’. त्यात माझ्या हातचा एकच शब्द आहे, आणि तो लिहावा की नाही यावरून त्या रात्री बरंच झालं.

मी पांढरकवड्याजवळच्या एका खाजगी अँब्युलन्सवर काम करतो. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा (ईएमटी) डिप्लोमा केला, मग कॅज्युअल्टीत इंटर्नशिप. दवाखान्यात मला ‘ब्रदर’ म्हणतात, गावात ‘कंपाउंडर’. आपल्याकडे लॅबवाला, एक्स-रेवाला, ओटीवाला सगळेच ‘पॅरामेडिकल’, त्यामुळे पॅरामेडिक म्हणजे नेमका कोण हे घरच्यांनाही समजावून सांगावं लागतं. महाराष्ट्रात 2014 मध्ये 108 ही सरकारी अँब्युलन्स सुरू झाली तेव्हा गाडीवर डॉक्टर आणि पायलट, म्हणजे ड्रायव्हर, अशी जोडी ठरली. पैनगंगा ओलांडून तेलंगणात गेलं की त्याच 108 च्या गाडीवर आमच्यासारखा टेक्निशियन असतो. माझा एक मित्र आदिलाबादकडे तेच काम करतो. काय द्यायचं, किती द्यायचं, फोनवर कोणाला विचारायचं, हे त्याला लिहून दिलेलं आहे. माझ्याकडे असा कागद नाही.

पेशंट पस्तिशीचा, फवारणीला रोजाने जाणारा. आदल्या दिवशी दिवसभर डोक्याएवढ्या कपाशीत फवारा मारला. पाठीवरचा पंप गळत होता, शर्ट पाठीला चिकटला होता, तसाच संध्याकाळपर्यंत राहिला. रात्री उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला फेस. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले, तेव्हापासून आमच्या भागात अशा पेशंटला उशीर करत नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यात रात्रीच या विषावरचं अॅट्रोपिन सुरू झालं, पाम या दुसऱ्या उताऱ्याचं इंजेक्शनही दिलं. तिथल्या डॉक्टरांनी काम चोख केलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “छाती कोरडी आहे, पण मान ढिली पडतेय. व्हेंटिलेटर लागू शकतो. नागपूर गाठ.”

ही मानेची गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. या विषाचा पहिला तडाखा लाळ, घाम, छातीतलं पाणी असा दिसतो आणि अॅट्रोपिनने तो आवरतो. पेशंट बोलायला लागतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. मग साधारण चोवीस तासांपासून चार दिवसांपर्यंत कधीही दुसरा तडाखा येऊ शकतो. त्यात स्नायूंचं बळ जातं, आधी मानेचं, मग श्वासाचं. अॅट्रोपिन त्यावर काही करत नाही. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा छान दिसत राहतो आणि छातीचा भाता आतून थकत जातो. म्हणून दोन साध्या गोष्टी करायच्या असतात. पेशंटला सांगायचं, “उशीवरून मान उचला.” आणि मग, “एका दमात मोजा.” आकडा घसरत गेला की समजायचं, श्वासाचं बळ जातंय. यंत्र लागत नाही, खर्च नाही. शिकवणाऱ्या सरांनी आमच्याकडून हे एकमेकांवर इतक्यांदा करून घेतलं होतं की झोपेतही करीन.

निघण्याआधी मी त्याचे कपडे बघितले. शर्ट बदललेला होता, पण अंगाला वास तसाच होता. शोधलं तर कमरेचा करदोडा. काळा, जाड, औषधाने भिजून वाळलेला. चोवीस तास विष कातडीला लागून होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी कात्री काढली तशी त्याच्या बायकोने माझा हात धरला. “करदोडा नका कापू जी. माणूस गेल्यावरच कापते.”

मला हे ठाऊक होतं, माझ्या आजोबांचा मी कापताना पाहिला आहे. तिला समजावलं की यातच औषध मुरलंय आणि अजून अंगात जातंय. ती काही बोलली नाही, फक्त हात काढून घेतला. मी करदोडा कापून पिशवीत बांधला, कंबर साबणाने दोनदा धुतली, आणि रोलर बँडेजची पट्टी फाडून तिच्या हातात दिली. तिने ती त्याच्या कमरेला बांधली, गाठ दोनदा मारली. पायलट हॉर्न देत होता. या कामाला पाच मिनिटं गेली आणि ती द्यायलाच हवी होती.

पहिली मोजणी गाडी निघताना घेतली. बावीस. मान उचलत होता, थरथरत.

दीडशे किलोमीटरचा हायवे. ऑक्सिजनचे दोन बी टाइप सिलिंडर. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर असतो. एकाचा काटा निम्म्यावर म्हणजे 750, मिनिटाला दहा लिटरने सव्वा तास. दुसरा पूर्ण, अडीच तास. हा हिशोब मी प्रत्येक वेळी स्वतः करतो, मालक कितीही ‘फुल आहे’ म्हणाले तरी. सिरिंज पंपवर अॅट्रोपिन चालू, बाजूला नातेवाइकांनी मेडिकलमधून आणलेले त्याचेच पन्नास अॅम्प्युल, सक्शन, हाताने श्वास द्यायची अँब्यू बॅग हाताशी.

वडनेरला एकोणीस. बायको पायाशी बसली होती. तिला वाटलं मी त्याला बोलतं ठेवतोय. तीही ओठांतल्या ओठांत मोजायला लागली.

हिंगणघाट ओलांडलं आणि त्याच्या कपाळावर घाम आला. काख ओली. पल्स 110 वरून 72. टॉर्च मारला तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. स्टेथो लावला, खाली दोन्ही बाजूंना बुडबुडे. पंप चालू होता, नळी मोकळी होती, डोस कमी पडत होता. डॉक्टरांना फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. दवाखान्यात लावला तर सिस्टर म्हणाली, सर ओटीत आहेत, सिझर चालू आहे.

शिकलेलं स्पष्ट होतं. तीन अॅम्प्युल द्यायचे, पाच मिनिटं थांबायचं, छाती ओलीच असेल तर दुप्पट. एका अॅम्प्युलमध्ये 0.6 मिलिग्रॅम, एक मिलि. ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या गाडीत काचेची मान मोडताना दोनदा अंगठा कापला. तीन दिले. पाच मिनिटांनी बुडबुडे कमी, पण होते. सहा दिले. पल्स 104, काख कोरडी, छाती दोन्हीकडे मोकळी. प्रत्येक डोसची वेळ मी मनगटावर पेनने लिहिली, मग कागदावर उतरवली.

छाती सुधारली, पण मोजणी घसरतच राहिली. जामला बारा. मान उशीवरून सुटेना. बुटीबोरीला नऊ.

बुटीबोरीपासून पुढे मी फक्त त्याच्या पोटाकडे बघत होतो. श्वास आत जाताना पोट वर यायला हवं, ते आत ओढलं जायला लागलं होतं. पायलटला एवढंच म्हणालो, “भाऊ, आता थांबायचं नाही.”

नागपुरात एका मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत पोहोचलो. तिथे पीजी करणारा एक तरुण डॉक्टर ड्यूटीवर होता. मी चिठ्ठी दिली आणि सांगायला लागलो: फवारणीची विषबाधा, तीस तास, मान उचलत नाही, मोजणी बावीसवरून नऊ. त्याची नजर चिठ्ठीतल्या दोन बोलसवर, म्हणजे पंपाशिवाय एकदम दिलेल्या डोसांवर, अडकली.

“हे बोलस कोणी दिले?”

“मी.”

“डॉक्टर कुठे आहेत गाडीवर?”

“डॉक्टर नाहीत. मी ईएमटी आहे.”

“मग ऑर्डर कोणाची होती?”

मी फोन न लागल्याचं सांगितलं. अॅट्रोपिन कोणीही कसं देऊ शकतं, उद्या काही झालं तर, वगैरे तो बोलत राहिला. त्याचं भय मला कळत होतं. छत्तीस तास न झोपलेला दिसत होता, त्याच्यावर बोट ठेवणारेही वर बसले असणार. पण तो बोलत होता तेवढा वेळ ‘नऊ’ हा आकडा माझ्या तोंडातून तीनदा निघाला आणि एकदाही त्याच्या कानापर्यंत गेला नाही. मॉनिटरवर 97 होतं. “स्टेबल आहे,” असं म्हणून त्याने पेशंटला साध्या बेडवर घेतलं.

मी बाहेर यायला हवं होतं, आलो नाही. तेवढ्यात भूलतज्ज्ञ मॅडम दुसऱ्या पेशंटसाठी आत आल्या. मी काही बोलायच्या आत पेशंटची बायको त्यांच्या वाटेत उभी राहिली. “म्याडम, निघतानी बावीस मोजले यायनं, आता नऊवरच थांबते.”

मॅडम थांबल्या. त्यांनी पेशंटला मोजायला सांगितलं. सातवर दम तुटला. मानेखाली हात घालून म्हणाल्या, “उचला.” मग ट्रॉली मागवली. दहा मिनिटांत नळी घशात होती आणि व्हेंटिलेटर लागला होता.

परतीच्या वाटेवर मालकांचा फोन आला. नागपूरहून तक्रार गेली होती. ते रागावले नाहीत, उलट काळजीने म्हणाले, “ऑर्डरच्या रकान्यात लिही, डॉक्टरांच्या फोनवरून. डॉक्टरांशी मी बोलतो.” डॉक्टरही तयार होते, ओटीतून बाहेर आल्यावर त्यांनी स्वतः मला फोन करून सांगितलं की मीही तेच सांगितलं असतं. त्यांच्या शब्दाबद्दल मी आभारी आहे. पण फोन लागला नव्हता. मी लिहिलं ‘स्वतः’. मालक दोन दिवस बोलले नाहीत. कायद्याने यातून वाचवणारं मला काही नाही, हे मला माहीत आहे. 2021 मध्ये संसदेने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्याच्या यादीत आमच्या कामाचं नाव आहे. ते वाचून आम्ही मित्रांनी पेढे वाटले होते. रात्री साडेनऊला जामच्या पुलावर मी काय देऊ शकतो, हे मात्र मला अजून कोणी लिहून दिलेलं नाही.

काम सोडायचा विचार येतो. बारा तासांची ड्यूटी, पगार सोळा हजार. माझ्या बॅचमधले बरेच जण सौदी-दुबईच्या मागे आहेत, डेटाफ्लो म्हणजे कागदपत्रांची पडताळणी झालीय, प्रोमेट्रिक या तिकडच्या परीक्षेची तयारी चालू आहे. मागणी आहे, रोज एजंटचे मेसेज येतात. मीही अनुभवाचा दाखला मागितला होता. त्यावर हुद्दा आला ‘अँब्युलन्स अटेंडंट’. तो बदलून मागितलाय, अजून मिळालेला नाही.

तो माणूस अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता आणि विसाव्या दिवशी घरी गेला. त्याच्या बायकोने फोनवर सांगितलं की आयसीयूत कोणीतरी ती बँडेजची पट्टी कापली, तेव्हा ती खूप रडली, आणि घरी आल्यावर आधी करदोडा बांधला. मग म्हणाली, “तुमी मोजाले लावत होते ना, ते मले तवा समजलं नाही.”

आता विषबाधेचा पेशंट न्यायचा असला की मी चिठ्ठीवर सगळ्यात वर मोठ्या आकड्यांत मोजणी लिहितो, डोस त्याच्या खाली. आणि सोबतच्या नातेवाइकाला मुद्दाम डोक्याशी बसवतो. गाडी निघताना किती होती, मध्ये किती, पोहोचताना किती, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतो.