गादीच्या शिवणीतले काळे ठिपके

गेल्या उन्हाळ्यात मुलगी वसतिगृहातून सुट्टीला घरी आली आणि तीनेक आठवड्यांनी तिच्या दंडावर ओळीने लाल गांधी उठू लागल्या. आधी आम्ही डासांना दोष दिला, मग उष्णतेला, आणि मलम लावण्यात बरेच दिवस घालवले. त्याच पलंगावर तिच्या शेजारी झोपणाऱ्या माझ्या अंगावर मात्र एकही खूण नसल्यामुळे ढेकणांचा विचार माझ्या मनात आलाच नाही. चावा सगळ्यांना सारखा उठत नाही, काहींच्या त्वचेवर तो मुळीच दिसत नाही आणि काहींच्या अंगावर कित्येक दिवसांनी उमटतो, त्यामुळे नुसत्या गांधींवरून निदान करू नये, हे मला नंतर कळले.

खरा पुरावा गादीवर असतो. एका रात्री दोनच्या सुमारास मी विजेरी घेऊन उशाकडची चादर उचलली आणि एका जुन्या एटीएम कार्डाची कड गादीच्या जाड शिवणीतून हळूहळू फिरवली. शिवणीच्या घडीत शाईच्या पेनाने टिंबे द्यावीत तसे काळे ठिपके होते आणि ओल्या फडक्याने पुसताच ते तांबूस पसरले, कारण ती पचलेल्या रक्ताची विष्ठा होती. त्यांच्याजवळ फिकट तपकिरी, पोकळ कातींचे तुकडे पडले होते. कार्डाच्या पुढच्याच फेरीला अख्ख्या मसुरीएवढा, चपटा, लालसर तपकिरी ढेकूण बाहेर आला. अंडी जेमतेम १ मिलिमीटर लांब, पांढरी आणि लाकडाला चिकटवलेली असतात. ती पाहायची तर डोळे अगदी जवळ न्यावे लागतात.

सासूबाईंनी ऐकल्याबरोबर सांगितले, "खाट अंगणात काढून सांध्यांत उकळते पाणी ओतायचे." त्यांचा उपाय चुकीचा नव्हता, उष्णतेने ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. पण त्यांची खाट साध्या लाकडी चौकटीची होती. आमचा पलंग प्लायवुडचा, खाली सामान ठेवायचे कप्पे असलेला, आणि पाणी ओतले असते तर तो फुगला असता. म्हणून आम्ही तो पूर्ण उघडला. स्क्रूंची छिद्रे, उशाकडच्या फळीची मागची बाजू आणि कप्प्यांचे कोपरे या तीन ठिकाणी ढेकणांची वस्ती सर्वांत दाट होती. गादी नुसती उन्हात टाकण्यावर मी भिस्त ठेवणार नाही, कारण तिचा आतला भाग पुरेसा तापत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात.

येथे मला कळकळीने एक गोष्ट सांगायची आहे. धान्यातील किडीसाठीच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी कितीही खात्रीने दिल्या तरी घरात आणू नका. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो, तो फटींतून आणि नळांच्या वाटेने शेजारच्या घरातही शिरतो, आणि आपल्या देशात अशाने झोपेतच माणसे, लहान मुलेसुद्धा, दगावली आहेत. आम्हालाही एका दुकानदाराने त्या पुढे केल्या होत्या. त्या क्षणी मी घाबरले, आणि आजही आठवले की घाबरते. त्या मानाने ढेकूण त्रासदायक असला तरी त्याच्या चाव्यातून माणसाला रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. एवढी जोखीम पत्करण्याचे कारणच नाही.

आम्ही चादरी, अभ्रे, पडदे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून यंत्रापर्यंत नेले, ६० अंशांवर धुतले आणि धुतलेले कपडे त्या खोलीत परत नेले नाहीत. सांध्यांवर वाफेच्या यंत्राची तोटी अगदी सावकाश फिरवली, कारण घाई केली तर उष्णता आत पोहोचत नाही. गादीला चेन असलेले बंदिस्त आवरण घातले. पलंग भिंतीपासून दूर ओढून त्याचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवले. नुसत्या गुळगुळीत कोरड्या वाटीवर विसंबू नये, कारण उष्ण प्रदेशातील ढेकूण अशा पृष्ठभागावर चढू शकतो. झोपायची खोली मात्र बदलली नाही; बदलली असती तर ते आमच्या मागोमाग दुसऱ्या खोलीत आले असते.

त्यानंतर परवानाधारक माणसाकडून फवारणी करून घेतली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. दुसरी फेरी टाळू नये: फवाऱ्यातून वाचलेली अंडी साधारण ६ ते १० दिवसांत उबतात, आणि नेहमीच्या औषधांना बऱ्याच ठिकाणचे ढेकूण आता दादही देत नाहीत.

सर्वांत अवघड काम शेजाऱ्यांना सांगण्याचे होते. लोक याला अस्वच्छतेचे लक्षण मानतात; वास्तविक ढेकणाला घाण नव्हे, माणसाचे रक्त हवे असते आणि तो सामानातून कोणाच्याही घरी पोहोचतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंना धीर करून सांगितले तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग आत जाऊन आपली उशी घेऊन आल्या आणि तिच्या शिवणीवरचे काळे ठिपके मला दाखवू लागल्या. दुसऱ्या फवारणीच्या दिवशी आम्ही दोन्ही घरे एकदमच उघडली.